शहाळं पिणारा कैदी

१

"राकेश कांबळे? तो सुटला ना?" सिस्टर मालन म्हणाल्या, आणि मी चहाचा कप खाली ठेवला.

परळच्या सरकारी हॉस्पिटलातलं डायलिसिस युनिट. राकेशच्या आजाराचे कागद कोर्टात लावायचे होते म्हणून मी सकाळीच तिथे गेले होते. मी क्षितिजा विजयकर, राहणार गिरगाव. ज्या आरोपीला वकील परवडत नाही त्याला सरकार जो वकील देतं, त्यातली मी एक. कोर्टात माझ्याबद्दल फारसे मतभेद नाहीत. बाई तापट आहे, असं सगळेच म्हणतात.

"सुटला असं कोण म्हणालं तुम्हाला?"

"कोणी नाही हो. गेल्या आठवड्यापासून आलाच नाही. तीन पाळ्या चुकल्या. मला वाटलं, सुटला असेल, घराजवळ कुठे करून घेत असेल."

माझ्या बॅगेत घोडपदेव उपकारागृहाचा अहवाल होता. आदल्या दिवशीच तो कोर्टात आला होता. 'सदर बंद्यास आठवड्यातून तीन वेळा नियमितपणे डायलिसिसकरिता बाहेर नेण्यात येते.' टाइपिंग सुबक होतं, खाली गोल शिक्का होता.

राकेशच्या दोन्ही किडन्या निकामी झालेल्या. रक्त धुवायचं काम यंत्र करणार, आणि ते झालं नाही तर शरीरात पाणी साठत जाणार, आधी पायांत, मग छातीत. हे मला कोणी समजावून सांगायला नको होतं. माझ्या बाबांनी शेवटची दोन वर्षं अशाच यंत्रावर काढली.

"सिस्टर, तुमची मशिनं मध्ये बंद होती का?"

"एक दिवस नाही." त्यांनी हॉलकडे हात केला. सगळी यंत्रं घरघरत होती. "त्याला अजून थोडी लघवी होते, म्हणून इतके दिवस तग धरला असेल. पण मॅडम, आज नाही तर उद्या... त्यापुढचं मी काही सांगू शकत नाही."

तुरुंग म्हणतो, नेला. हॉस्पिटल म्हणतं, आला नाही. मग गाडीत बसलेला माणूस उतरून गेला कुठे?

२

राकेशचा गुन्हा ऐकाल तर हसाल, आणि मग चिडाल. नायगावच्या बीडीडी चाळीत त्याच्या तीन पिढ्या गेल्या. पुनर्विकासासाठी चाळ रिकामी झाली, किल्ल्या दिल्या गेल्या. दुसऱ्या दिवशी हा पठ्ठ्या आपल्याच खोलीची खिडकीची चौकट काढून आणायला गेला, कारण आजोबांनी ती गिरणीतल्या सुताराकडून करून घेतली होती. ठेकेदाराच्या माणसांनी चोरीची तक्रार केली. कोर्टाने जामीन केव्हाच दिला. पण जामीनदार आणायचा तर त्याच्या राहत्या घराचा पुरावा हवा. ओळखीचे सगळे त्याच चाळीतले, आणि चाळ तर जमीनदोस्त. जामीन मंजूर झालेला माणूस पत्त्यापायी आत बसला होता.

त्याची आई, कांताताई, तुरुंगाच्या फाटकाबाहेर डबा घेऊन उभ्या होत्या. घरच्या जेवणाची परवानगी मीच मिळवून दिली होती.

"दुधी हाय. उकळून पानी फेकलंय," त्या म्हणाल्या. यंत्रावरच्या माणसाच्या जेवणाचे हे नियम त्यांना पाठ होते. केळं बंद, टोमॅटो बंद, भाजीचं पाणी फेकायचं, नाहीतर रक्तात पोटॅशियम वाढतं आणि हृदय मध्येच थांबतं. "मॅडम, आठ दिस झाले, भेटूच देत नाहीत. एकदा म्हनले, भायेर नेलाय. एकदा म्हनले, झोपलाय. एवढा कसा झोपतो माजा पोरगा?"

मी त्यांना म्हटलं, "कांताताई, तुम्ही सरळ कोर्टात जाऊन बसा. मी संध्याकाळच्या आत येते."

आत आधी भेटल्या तुरुंगाच्या डॉक्टर, सुरुची पै. अख्ख्या तुरुंगाला एकच डॉक्टर. डोळ्यांखाली काळं आलेलं, आवाज चढलेला. "मी पाठवा म्हणून दर वेळी लिहून देते. गार्ड मिळणं, गाडी मिळणं माझ्या हातात नाही. आणि परत आल्यावर माझ्याकडे आणत नाहीत. बरॅक बदलली म्हणतात. माझ्यावर कशाला ओरडताय?"

मी ओरडतच होते, हे खरं.

मग जेलर अभय मोहिते. ते मात्र लोण्यासारखे. आधी खुर्ची, मग चहा, मग बिस्किटं.

"मॅडम, राकेशची आम्ही किती काळजी घेतो म्हणून सांगू! त्याच्या डाव्या हाताला ती फुगलेली शीर आहे ना, ऑपरेशन करून केलेली, मशीनच्या सुया टोचायला? त्या हातावर जरा दाब पडला तर शीर बंद होते. मी सगळ्यांना बजावलंय, त्या हाताला दोरासुद्धा बांधायचा नाही."

"मग तो हॉस्पिटलात पोचत का नाही?"

"तिथलं मशीन बिघडलं म्हणून समोरच्या खासगी सेंटरला पाठवतो. आणि येतो तो कसा ताजातवाना! गेटची पायरी उडी मारून चढतो."

"मला त्याला भेटायचंय. आत्ता."

"आत्ता दमून झोपलाय, मॅडम. उद्या पाळी आहे, परवा या."

वकिलाला आपल्या अशिलाला भेटायचा हक्क आहे, हे मी त्यांना कलमासकट ऐकवलं. अधीक्षक रजेवर आहेत, असं उत्तर आलं. आत टाकलं म्हणजे माणसाचं हिंडणं-फिरणं बंद करायचं, एवढंच कायदा सांगतो. त्याचा श्वास, त्याचं रक्त, त्याच्या किडन्या सरकारजमा करा असं कुठे लिहिलेलं नाही. पण हे त्या बिस्किटांच्या बशीसमोर बोलून काय उपयोग?

फाटकाशी डॉ. सुरुची पै मागून आल्या. इकडेतिकडे बघून म्हणाल्या, "गार्डचा हवालदार गायकवाड आहे. नायगावच्या पोलीस क्वार्टर्समध्ये राहतो. आज त्याची सुटी आहे. मी सांगितलं म्हणू नका."

३

हवालदार बुद्धभूषण गायकवाड बनियनवर बसून गणवेशाला इस्त्री करत होता. मी ओळख सांगितली तसा त्याने इस्त्री बाजूला ठेवली.

"मॅडम, उगाच माझं नाव गुंतवू नका. नेलाय मी त्याला. गेल्या आठवड्यात ही ड्युटी माझ्याकडे आली, तेव्हापासून तिन्ही वेळा मीच होतो. गेटवर मोहिते साहेब नाव पुकारतात, राकेश कांबळे. पोरगा पुढे येतो. साहेब स्वतः बेडी घालतात, डाव्या हाताला, दुसरं टोक माझ्याकडे. बस्स."

"डाव्या हाताला?"

"हो. आमच्याकडे नेहमीचंच आहे ते. उजवा हात मोकळा ठेवायचा, सही-बिही करायला."

आजारी कच्च्या कैद्याला बेडी घालायची तर कोर्टाची परवानगी लागते. ती कोणी घेतली होती, हा प्रश्न मी गिळला. एका वेळी एकच भांडण.

"मग?"

"मग हॉस्पिटलसमोरचं सेंटर. तिथे आम्हाला वर सोडत नाहीत, इन्फेक्शन होतं म्हणे. दारात बेडी काढायची, तो वर, आम्ही खाली. काम झालं की येतो."

"असा वर एकट्याने?"

तो ओशाळला. "साहेबांनीच सांगितलेलं, मॅडम. आम्ही काय, सांगकामे."

"आणि खाली आल्यावर कसा दिसायचा?"

"बरा की. गप्पा मारायचा, क्रिकेटच्या. मॅडम, गणवेश घातला म्हणून आम्ही काय दगड नाही. आजारी पोरगा, त्यात आमच्याच नायगावचा, आपल्याच समाजाचा. हॉस्पिटलच्या गेटवर शहाळंवाला बसतो ना? परत येताना दर वेळी एक शहाळं पाजायचो त्याला, माझ्या पदरचं. मलईसुद्धा खरवडून खायचा. म्हटलं, तेवढीच ताकद येईल."

तो हे किती चांगल्या मनाने सांगत होता! आपल्याकडे कोणी आजारी पडलं की हातात शहाळं घेऊनच भेटायला जायचं, ही आपली जुनी रीत. गिरगावात बाबांना भेटायला येणारा प्रत्येक माणूस शहाळं आणायचा आणि आई ते दारातूनच शेजाऱ्यांकडे पाठवायची.

"गायकवाड, तो कुठल्या चाळीतला, विचारलंत का कधी?"

"विचारलं ना. पहिल्याच दिवशी जय भीम घातला. त्याने मान हलवली नुसती. मग म्हटलं, कुठली चाळ? तर म्हणाला, आता सगळं पाडलंच आहे, काय सांगायचं. म्हटलं जाऊ दे, दुखतंय बिचाऱ्याला."

मी उठले.

"गायकवाड, शर्ट घाला. आपल्याला परळला जायचंय. तुम्ही ज्याला शहाळं पाजलंत, तो राकेश नव्हता."

४

रस्ताभर गायकवाड एकच विचारत होता, "मग कोण होता, मॅडम?"

सेंटर एका टॉवरच्या पायथ्याशी होतं. काचेचा दरवाजा, आत थंडगार हवा. रिसेप्शनवरच्या मुलीच्या छातीवर प्रिती अशी पट्टी होती. मी वकिलाचं कार्ड पुढे केलं आणि डायलिसिसचं यंत्र दाखवा म्हटलं.

"आज मशीन बंद आहे, मॅडम."

"बंद असलेलंच दाखवा."

"तुम्हाला अपॉइंटमेंट घ्यावी लागेल."

मी जिन्याकडे वळले. ती मागे धावली, गायकवाड तिच्या मागे. वर एक मोठी खोली होती, पण यंत्र नाही, खाट नाही, पाणी शुद्ध करायच्या टाक्या नाहीत. होतं ते लांब टेबल, भोवती चामड्याच्या खुर्च्या, भिंतीवर टॉवरचे नकाशे. कोपऱ्यात कॉफीचं यंत्र. इथे कोणाचं रक्त धुतलं जात नव्हतं.

"ही तर मीटिंगची खोली आहे," मी म्हटलं. प्रितीने मान खाली घातली.

इतक्यात गायकवाडने माझी बाही ओढली. भिंतीवर उद्घाटनाचा फोटो होता. फेटा बांधलेला एक हसरा तरुण कात्रीने फीत कापत होता.

"मॅडम," गायकवाड पुटपुटला, "हा बघा. हाच राकेश कांबळे."

फोटोखालच्या पितळी पट्टीवर नाव होतं. यतीन सबनीस.

नाव वाचलं आणि सगळं लख्ख झालं. टॉवरमधली घरं लोकांना विकून न बांधणारा यतीन सबनीस घोडपदेवच्याच तुरुंगात होता. मागच्या महिन्यात त्याने तब्येतीचं कारण सांगून बाहेर जायची परवानगी मागितली, आणि कोर्टाने ती फेटाळली. मी त्या दिवशी मागच्या बाकावरच होते. त्याला बाहेर येऊन आपल्या या खोलीतून धंदा चालवायचा होता आणि वाट नव्हती. राकेशला आठवड्यातून तीनदा बाहेर जायची हक्काची वाट होती. दुसऱ्या कोणाची पाळी घेतली असती तर फार तर त्याचं डोळे तपासणं पुढे गेलं असतं. यांनी घेतली ती नेमकी त्याची, ज्याचा जीव त्या पाळीवर टांगला होता.

मी फोटोचा फोटो काढला, गायकवाडला सोबत घेतलं आणि टॅक्सीला हात केला. कोर्ट उठायच्या आत पोचायला हवं होतं.

५

न्यायाधीश बाईंनी माझं म्हणणं उभ्याउभ्याच ऐकायचं कबूल केलं. सरकारी वकील म्हणाले, अहवाल कालच आलाय, ही घाई कशाला? बाईंनी त्यांच्याकडे न बघता तुरुंगाला व्हिडिओ कॉल लावायला सांगितला. पडद्यावर जेलर मोहिते आले, हात जोडून.

"राकेश कांबळे कसा आहे?"

"उत्तम आहे, मॅडम. कालच डायलिसिस झालं."

कांताताई मागच्या बाकावर डबा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्या एकदम सरळ झाल्या.

मी म्हटलं, "युअर ऑनर, काल ज्याला बाहेर नेलं, तो परतताना शहाळं प्यायला. त्याआधीच्या दोन्ही वेळांनाही. शहाळ्यात पोटॅशियम ठासून भरलेलं असतं. डायलिसिसवरच्या माणसाला ते विषासारखं, आणि हे त्याला पहिल्या दिवशीच घोकून घेतात. माझे वडील दोन वर्षं शहाळ्याच्या गाडीकडे नुसते बघत गेले. यंत्रावरून उठलेला माणूस पिळलेल्या कपड्यासारखा होतो, घरी येऊन आडवा होतो. मोहिते साहेबांचा राकेश गेटची पायरी उडी मारून चढतो. तो राकेश नाही. तो यतीन सबनीस आहे." आणि मी फोटो पुढे केला. "हवालदार गायकवाड यांनी ओळखलाय."

पडद्यावरच्या मोहितेंचा चेहरा व्यथित झाला, अगदी शोभेल तसा.

"मॅडम, हे धक्कादायक आहे. आम्ही गेटवरून राकेशलाच दिला. पुढे गार्डने बाहेरच्या बाहेर काय केलं, याची चौकशी झालीच पाहिजे."

गायकवाड पांढरा पडला. तो काही बोलणार, तेवढ्यात मी त्याला हाताने थांबवलं.

"मोहिते साहेब, गेटवर बेडी कोण घालतं?"

"मी स्वतः. माझ्याशिवाय तिथे बेडीला कोणी हात लावत नाही."

"राकेशला तिन्ही वेळा तुम्हीच घातलीत?"

"अर्थात."

"कुठल्या हाताला?"

"डाव्या," मोहिते म्हणाले. "सगळ्यांना डाव्याच हाताला घालतो आम्ही. उजवा हात मोकळा..."

आणि ते थांबले. सवयीने जीभ पुढे गेली होती, आणि आता ती परत घेता येत नव्हती.

मी म्हटलं, "युअर ऑनर, आज सकाळी याच साहेबांनी मला चहा पाजत सांगितलं की राकेशच्या डाव्या हाताला ती शीर आहे, त्या हाताला दोराही बांधू देत नाही. म्हणजे राकेशचा हात त्यांना नीट माहीत आहे. तरी समोर आलेल्या हाताला त्यांनी तीनदा लोखंड घातलं आणि एकदाही थबकले नाहीत. कारण तो हात कोणाचा आहे, तेही त्यांना नीट माहीत होतं. गार्डला राकेशचा चेहरा माहीत नव्हता. यांना होता. फसवला गेला तो गार्ड. फसवणारे हे." माझा आवाज चढला होता, आणि मी तो खाली आणला नाही. "आणि हे सगळं होईपर्यंत राकेशच्या छातीत पाणी भरतंय!"

बाई पडद्याकडे बघत म्हणाल्या, "मोहिते, तो फोन हातात घ्या. कॉल बंद करायचा नाही. चालायला लागा. राकेश कांबळे जिथे असेल तिथे जाऊन थांबा."

"मॅडम, परवानगी..."

"ही परवानगीच आहे. चला."

पडदा हलायला लागला. फरशी, गज, एक लांबलचक बोळ. कुलूप उघडल्याचा आवाज. मग एक अंधारी खोली आणि भिंतीला टेकून बसलेला एक माणूस. आडवं होता येत नव्हतं म्हणून तो बसला होता. चेहरा सुजून डोळे बारीक झालेले. छाती भात्यासारखी वरखाली होत होती.

कांताताईंच्या मांडीवरचा डबा खणकन खाली पडला.

"राकेश! ए राकेश!"

फोनमधून आवाज गेला असावा. त्या सुजलेल्या चेहऱ्याने मान वर केली.

६

बाईंनी तिथल्या तिथे हुकूम दिला. राकेशला लगेच हॉस्पिटलात न्यायचं, बेडीशिवाय, आणि जामीनदार वगैरे काही नाही, त्याच्या स्वतःच्या शब्दावर सोडायचं. हे आधीही करता आलं असतं, कायद्यात सोय होतीच. पण त्यासाठी एका माणसाला मरणाच्या दारात बसावं लागलं, आणि ते पडद्यावर दिसावं लागलं. मोहितेंवर गुन्हा दाखल झाला. आणि यतीन सबनीसची बातमी ऐका. या सगळ्या प्रकाराने त्याला मानसिक धक्का बसला, असा अर्ज त्याच्या वकिलांनी दुसऱ्याच दिवशी केला. त्याला तपासायला डॉक्टर तासाभरात आले. कैद्यांच्या आरोग्याची व्यवस्थाच नाही, असं आता कोणी माझ्यासमोर म्हणू नये. व्यवस्था आहे. ती कोणासाठी हलते, एवढाच प्रश्न आहे.

राकेश वाचला. सिस्टर मालननी दिवसपाळीच्या माणसांना थांबवून घेऊन त्याला यंत्रावर घेतलं होतं, आणि पुढच्या पाळीला मी गेले तेव्हा त्याच्या चेहऱ्याची सूज बरीच उतरली होती. डाव्या हातात सुया, नळ्यांतून लाल रक्त फिरत होतं. आवाज अजून खोल गेलेला.

"मॅडम, मी रोज ओरडायचो. मला न्या, मला न्या. ते म्हणायचे, तुझी गाडी गेली की. तुझं डायलिसिस झालं." तो थांबला, श्वास घेतला. "मी म्हणायचो, गाडी गेली, मग मी इथे कसा? शेवटी शेवटी मलाच वाटायला लागलं, की झालं असेल."

मी त्याच्या अंगावरची चादर नीट केली.

दाराशी गायकवाड उभा होता, साध्या कपड्यांत, हातात शहाळं घेऊन. ते बघताच माझं डोकं सणकलं. पण तो घाईघाईने म्हणाला, "त्याच्यासाठी नाही, मॅडम. ताईंसाठी आणलं. सकाळपासून पोटात काही नसेल त्यांच्या."

कांताताईंनी शहाळ्याकडे पाहिलं आणि मग त्याच्याकडे.

"तीनदा नेलास," त्या म्हणाल्या. "माज्या पोराच्या नावानं तीनदा नेलास. एकदा तरी त्याचा फोटू मागायचा होतास, बाबा."

"त्यांनी जो दिला, तो नेला, ताई."

"तेच म्हनते मी." त्यांनी त्याच्या हातातलं शहाळं काढून बाकावर ठेवलं, त्याचं मनगट धरलं आणि त्याला ओढत खाटेपाशी आणलं. पोलिसाचं मनगट त्यांनी असं धरलेलं बघून सिस्टर मालन जागच्या जागी थांबल्या. "हा राकेश भिवा कांबळे. बघ. नीट बघून घे."

गायकवाड बघत राहिला. मग हळूच, चुकलेल्या पोरासारखा, म्हणाला, "जय भीम."

"जय भीम," राकेश म्हणाला. उजवा हात त्याने छातीपाशी नेला.

"कुठली... कुठली चाळ, भाऊ?"

ती चाळ आता नाही. तिथे पत्र्याचं कुंपण आहे आणि आत खड्डा आहे. पण राकेशने क्षणभरही विचार केला नाही.

"बारा ब. दुसरा माळा, शेवटची खोली. जिन्याकडे खिडकी असलेली."